रोलाड वातड का होतं, आणि बीफ घेताना नक्की काय मागायचं

मडगावहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर नगरचं, तिकडे घरात मोठ्याचं मटण म्हणजे एकच पद्धत, किलोभर आणायचं, दुकानातूनच तुकडे करून घ्यायचे आणि कुकरला लावायचं. लग्न होऊन गोव्यात आल्या तर सासरी रोलाड म्हणजे सारण भरून गुंडाळलेले बीफचे पातळ काप, रोस्ट, चिली फ्राय, क्रोकेट म्हणजे खिमा-बटाट्याचे तळलेले रोल, असं बरंच काही. त्या लिहितात, "पहिल्यांदा रोलाडसाठी एक किलो बीफ मागितलं तर हाडासकट करी पीस मिळाले. दुसऱ्या वेळी बोनलेस मागितलं, व्हिडिओ बघून सगळं तसंच केलं, पण इतकं वातड झालं की सासऱ्यांनी दोन घास खाऊन ताट बाजूला ठेवलं. पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस आहे, रोलाड, चिली फ्राय आणि रोस्ट तिन्ही मलाच करायचंय. सरळ सगळ्यासाठी अंडरकट घेऊ का? पैसे जास्त गेले तरी चालतील."

ताई, सगळ्यासाठी अंडरकट, म्हणजे पाठीच्या कण्याच्या आतला तो मऊ महाग तुकडा, अजिबात घेऊ नका. पैसे जातील ते जातीलच, पण रोलाड आणि रोस्ट त्यातून नीट होणारही नाही. आणि तुमच्या हाताला चव नाही वगैरे जे पत्राच्या शेवटी लिहिलंय ते डोक्यातून काढून टाका. तुम्ही "बोनलेस" मागितलं आणि दुकानदाराने बोनलेस दिलं, त्यात त्याचंही काही चुकलं नाही. पण बोनलेस म्हणजे फक्त हाड नसलेलं, ते मानेचं असू शकतं, खांद्याचं, मांडीचं, पोटाकडचं, काहीही, आणि या प्रत्येकाचं शिजणं वेगळं असतं. रोलाडला लागतो मांडीचा एक ठराविक भाग, तुम्हाला बहुतेक खांदा किंवा मान मिळाली असणार.

आधी आपल्याकडे मिळतं काय ते समजून घ्या, कारण व्हिडिओवाल्यांचा आणि आपला घोळ इथेच होतो. गोव्यात गाय कापायला १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. बैल आणि म्हैस-रेडे सरकारी दाखला घेऊन कापता येतात, त्यामुळे आपण इथे ज्याला बीफ म्हणतो ते म्हशीचं-रेड्याचं किंवा बैलाचं. फोंड्याजवळ उसगावला सरकारी कत्तलखाना आहे, गोवा मीट कॉम्प्लेक्स, आणि बाकी बराच माल वर्षानुवर्षं शेजारच्या कर्नाटकातून येत आलाय. तिकडे २०२० चा नवा कायदा आला, त्यात बैल पूर्ण बंद आणि म्हैस कापायची तर १३ वर्षांवरचीच. म्हणजे तुमच्या हातात येणारं मटण बऱ्याचदा वय झालेल्या जनावराचं असतं, दूध देऊन किंवा काम करून थकलेल्या. वय वाढतं तसं मटणातले जोडणारे चिवट धागे जास्त पक्के होत जातात आणि म्हशीच्या मटणात आतली चरबीही कमीच. परदेशी व्हिडिओत जे गुलाबीसर, मधून मधून चरबीच्या रेषा असलेलं मटण दिसतं ते खास खाऊन-पिऊन वाढवलेल्या दीड-दोन वर्षांच्या जनावराचं असतं. तो बाबा तव्यावर दोन्ही बाजूंनी चार मिनिटं भाजून कापतो आणि लोणी कापल्यासारखी सुरी जाते, तेच आपण अंडरकट सोडून आपल्या मटणाच्या कुठल्याही तुकड्याला केलं तर दात दुखतील, दुसरं काय होणार. त्यामुळे रेसिपी त्यांची घ्या हवी तर, पण वेळ आणि तुकडा आपल्या मालाप्रमाणे.

आता ओळखायचं कसं. एकच गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धं काम होतं, जनावराने कुठला भाग किती वापरला. पाय, मान, खांदा, छाती हे भाग दिवसभर राबतात, चालणं, चरायला मान खाली-वर करणं, ओझं ओढणं, म्हणून तिथे धागे जाड आणि चिवट पडदे जास्त. पाठीचा कणा आहे ना, त्याच्या आतल्या बाजूला जो लांबट स्नायू असतो तो जवळपास आळशीच, त्याला काही काम नाही, तो अंडरकट. मांडी या दोघांच्या मध्ये. राबलेला भाग हळू आणि भरपूर वेळ शिजवायचा, आळशी भाग झटपट. उलटं केलं की वाट लागते. नळीचं मटण दहा मिनिटं परतलं तर रबर होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण अंडरकट दोन तास रटरटत ठेवला तर तो कोरडा, पिठूळ आणि बेचव होतो हे कोणी सांगत नाही. कारण त्यात विरघळायला फारसं काही नसतंच. चिवट भागात जे कोलॅजन असतं ते साधारण सत्तर अंशांच्या वर तासन्‌तास राहिलं की हळूहळू जिलेटीन होतं, त्यानेच रस्सा दाट आणि ओठांना चिकटणारा होतो. अंडरकटमध्ये ते अगदीच कमी, मग नुसतं पाणी निघून जातं आणि मागे चोथा राहतो. म्हणून म्हटलं, सगळ्याला अंडरकट नको.

अंडरकट बघून घ्यायला शिका, कारण महाग असतो आणि गर्दीच्या वेळी दुसराच लांब तुकडा त्या नावाने पिशवीत पडू शकतो. एका जनावरात दोनच निघतात. आकार लांब, एका टोकाला जाड डोकं आणि दुसरीकडे निमुळतं होत गेलेलं शेपूट. धागे इतके बारीक की बोटाने दाबलं तर बोट आत बसतं. वरून एक चकचकीत पांढरा-चंदेरी पापुद्रा असतो, तो सुरीचं टोक खाली सारून पूर्ण सोलून काढायचा, दुकानदारालाच सांगा, तो सफाईने काढतो. तो पापुद्रा कितीही शिजवा विरघळत नाही, उलट आकसतो आणि तुकडा वाकडा करतो. बऱ्याच जणी म्हणतात अंडरकट घेऊनही चिवट लागला, तिथे नव्वद टक्के वेळा हा पापुद्रा ठेवलेला असतो.

आता तुमचं रोलाड. मागायचं टॉपसाइड. मांडीचा आतल्या बाजूचा मोठा स्नायू, अंगावर फारशी चरबी नाही, मध्ये पडदे कमी, धागे एकाच दिशेने जाणारे, त्यामुळे त्याचे मोठे पातळ पसरट काप निघतात. खांद्याचे असे काप निघतच नाहीत, कारण तिथे तीन-चार छोटे स्नायू वेगवेगळ्या दिशेने एकमेकांवर बसलेले असतात आणि मधून पांढऱ्या शिरा, काप केला की मध्ये भोक पडतं नाहीतर फाटतो. तुमचं दुसऱ्या वेळी हेच झालं असेल बघा, आठवून बघा काप करताना सुरी मध्येच अडकत होती का.

कापायचं कसं हे तुकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. टॉपसाइडचा तुकडा ओट्यावर ठेवा आणि नीट बघा, रेषा दिसतात, सुतळ्यांची पेंडी आडवी ठेवल्यासारख्या. सुरी त्या रेषांच्या आडवी चालली पाहिजे, म्हणजे प्रत्येक सुतळीचे छोटे छोटे तुकडे होतात आणि दाताला काम राहत नाही. रेषांच्या बाजूने कापलं तर प्रत्येक घासात लांबच्या लांब धागा येतो, मग मटण कितीही चांगलं असो. गर्दीत दुकानदार पटकन जसा हातात येईल तसा कापतो, म्हणून त्याला आधीच सांगायचं, रोलाडला पाहिजे, आडव्या धाग्याने पातळ काप. मडगावला कोकणीत सांगायचं असेल तर "रोलाडाक जाय, टॉपसाइड दी, पातळ कातर" एवढं पुरतं. तो नको म्हणाला किंवा जाडे काप करून दिले तर अख्खा तुकडा घ्या, घरी तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, कडक होईल पण दगड नाही, मग धारदार सुरीने पाव इंचाचे काप सहज निघतात. मग दोन प्लास्टिकच्या मध्ये ठेवून वरवंट्याने हलक्या हाताने ठोका, मधून बाहेरच्या बाजूला. आतलं सारण तुमच्या घरचं, गाजर, उकडलेलं अंडं, चोरिस म्हणजे गोव्याचं सॉसेज, काय असेल ते, त्यात मी बोलत नाही, ते तुमच्या सासूबाईंना विचारा, प्रत्येक घराचं वेगळं असतं. फक्त दोऱ्याने बांधून सगळीकडून लाल करून घेतल्यावर ते झाकण ठेवून मंद आचेवर शिजू दे, सव्वा-दीड तास सहज लागतो, आणि मधून बघत राहा, सुरीचं टोक सहज आत गेलं की झालं. व्हिडिओत चाळीस मिनिटं म्हणाले असतील, ते आपल्या मटणाला पुरत नाहीत.

चिली फ्रायला दोन रस्ते आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. एक म्हणजे अंडरकट किंवा फार तर रंप, म्हणजे पुठ्ठ्याचा भाग, बोटभर पट्ट्या धाग्याच्या आडव्या कापून आलं-लसूण, मीठ, थोडं माडाचं व्हिनेगर लावून अर्धा-एक तास ठेवायच्या आणि कडकडीत तापलेल्या कढईत थोड्या थोड्या टाकून परतायच्या, सगळ्या एकदम टाकल्या तर पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी उकडतात. मग कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो. पाच-सात मिनिटांचं काम, म्हणून पाहुणे आल्यावरच करायचं. दुसरा रस्ता आपल्याकडे घराघरात चालतो, टॉपसाइड किंवा सिल्व्हरसाइडचा (मांडीच्या बाहेरच्या बाजूचा) अख्खा तुकडा आधी मीठ-आलं-लसूण-मिरी-व्हिनेगर घालून शिजवून घ्यायचा, गार झाला की पातळ कापायचा आणि मग कांदा-मिरचीवर परतायचा, वरून तळलेला बटाटा. यात स्वस्त तुकडा चालतो, आदल्या दिवशी अर्धं काम होतं, आणि मला स्वतःला हाच जास्त आवडतो कारण शिजवलेलं पाणी परतताना चमचा चमचा घातलं की मटणात परत मुरतं. पार्टीला वीस माणसं असतील तर डोळे झाकून दुसरा रस्ता.

रोस्टसाठी सिल्व्हरसाइड किंवा टॉपसाइड, एकसंध तुकडा, दीड किलोच्या आसपास, दुकानदाराने मधून कापलेला नको. सिल्व्हरसाइड मांडीच्या बाहेरच्या बाजूचं, धागा जरा जाड, एका बाजूला पांढरा पडदा असतो तो काढून टाकायचा. गोव्याचं रोस्ट ओव्हनमधलं नाहीच मुळात, जाड बुडाच्या टोपात, मसाल्यात, झाकण लावून हळूहळू, दोन-अडीच तास, कुकरमध्ये करायचं तर पहिल्या शिट्टीनंतर अगदी बारीक गॅसवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. मग बाहेर काढून तुपात किंवा तेलात सगळीकडून लाल करायचं. गरमागरम कापू नका, चुरा होईल. पूर्ण गार, जमलं तर फ्रिजमधून काढल्यावर कापा, पातळ, परत तेच, धाग्याच्या आडवं. मग गरम रस घालून वाढा. शिट्ट्या मोजण्याचा नाद सोडा, प्रत्येक कुकर वेगळा वाजतो, घड्याळ बघा.

तुम्ही विचारलं नाही पण लागेल म्हणून सांगते, शागुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्याचा रस्सा, किंवा साध्या रश्श्याला खांदा आणि नळी मिक्स घ्या, थोडं छातीचं, ज्याला ब्रिस्केट म्हणतात, त्यात चरबीचे थर असतात आणि तेच रश्श्याला चव देतात, नुसतं बोनलेस घेऊन रस्सा केला तर तो पाणचटच होणार. सूपला शेपूट आणि नळी. जीभ आणायची असेल तर दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवा, उकडून गरम असतानाच वरची जाड साल सोला, गार झाल्यावर निघत नाही. कटलेट-क्रोकेटला खिमा खांद्याचा, समोर करून घ्या आणि त्याच दिवशी वापरा, खिमा ठेवायचा पदार्थ नाही.

दुकानात उभं राहिल्यावर बघायचं काय. रंग, म्हशीचं गडद लाल, जवळजवळ विटकरी-काळपट असतं, ते जुनं म्हणून नाही, मुळातच तसं. तिची चरबी पांढरीशुभ्र असते, बैलाची पिवळसर, दोन्ही चालतं पण पिवळसर चरबीवाला मांडीचा तुकडा दिसला तर मी रोस्टला आधी तो घेते, धागा बहुतेक वेळा जरा बारीक मिळतो. त्यातही बैलाचं असेल आणि दुकानात वशिंड लटकत असेल तर ते एकदा नेऊन बघा, आत चरबीच्या रेषाच रेषा असतात, तीन तास मंद शिजवलं तर फार सुंदर लागतं. वास ताज्या रक्ताचा, आंबट नको. बोटाने दाबलं की खड्डा भरून आला पाहिजे, हाताला ओलसर लागलं पाहिजे पण बुळबुळीत नाही. आणि पिशवीत तळाला भरपूर लाल पाणी साठत असेल तर ते फ्रीझ करून सोडवलेलं आहे, रोलाडला नको, रश्श्याला हरकत नाही.

आता एक गोष्ट जी मला फार मनापासून सांगायची आहे, कारण चांगला तुकडा आणूनही लोक इथेच घालवतात. सकाळी आणलेलं ताजं मटण लगेच शिजवू नका आणि लगेच फ्रीझरमध्ये तर मुळीच टाकू नका. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात, मोठ्या जनावरात हे आखडणं सुटायला एक दिवस किंवा जास्तही जातो. आखडलेल्या अवस्थेत शिजवलं तर टॉपसाइडसुद्धा वातड, आणि तसंच फ्रीझ केलं तर सोडवताना अजून आकसतं आणि सगळं पाणी सोडतं. अख्खा तुकडा न धुता, फडक्याने पुसून, डब्यात जाळीवर किंवा उलट्या ताटलीवर ठेवून फ्रिजच्या सगळ्यात थंड खणात एक-दोन दिवस ठेवा, चार अंशांच्या खाली. गोव्याच्या उकाड्यात दुकानातून घरी येईपर्यंतच तासभर जातो, म्हणून बर्फाची पिशवी घेऊन जा आणि दोन दिवसांच्या वर ताणू नका. तुमचं दुसऱ्या वेळचं रोलाड सकाळी आणून दुपारी केलेलं होतं असं पत्रात आहे, म्हणजे चुकीचा तुकडा होताच, वर हेही झालं.

मटण मऊ करायला कच्ची पपई लावू का, असंही पत्रात विचारलंय. चालते, पण किलोला एक चमचा वाटलेली, आणि अर्धा-पाऊण तास. रात्रभर लावून ठेवली तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतलं तसंच राहतं, कारण ती आत जातच नाही. पातळ कापांना उपयोग आहे, दीड किलोच्या रोस्टला काही उपयोग नाही, तिथे वेळच द्यावा लागतो. व्हिनेगर चवीला घाला, मऊ करायला त्यावर विसंबू नका.

दुकानदाराशी ओळख करा, एकाच ठिकाणी जात राहा. "बोनलेस दे" असं न म्हणता पदार्थाचं नाव आणि किती वेळ शिजवणार ते सांगा, रोलाडला पाहिजे, रोस्टला पाहिजे, रश्श्याला पाहिजे. इथले बरेचसे दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या हेच करतायत, त्यांना मडगावच्या बायकांचे सगळे पदार्थ पाठ आहेत, तुम्ही विचारलं की ते खुशीने दाखवतात. काउंटरच्या मागे लटकलेल्या रानाकडे बोट करून आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली हे एकदा विचारून घ्या, मग आयुष्यात कोणी फसवणार नाही. रविवारी नको, त्या दिवशी त्यांना मान वर करायला वेळ नसतो. मधल्या वारी सकाळी लवकर जा. आणि कर्नाटकातून माल अडला की दोन-दोन दिवस दुकानं रिकामी असतात, नाताळाच्या आसपास तर मागणी इतकी की टॉपसाइड नऊ वाजताच संपलेलं असतं, त्यामुळे वाढदिवसाचं आठवडाभर आधी सांगून ठेवा.

सासऱ्यांच्या वाढदिवसाचा हिशोब असा करा. बारा-पंधरा माणसं धरली तर रोलाडला दीड किलो टॉपसाइड, रोस्टला दीड किलो सिल्व्हरसाइडचा एकच तुकडा, चिली फ्रायला एक किलो, टॉपसाइडमधलंच, दुसऱ्या रस्त्याने. अंडरकट हवाच असेल तर अर्धा किलो फक्त सासऱ्यांसाठी वेगळा, तव्यावर मिरी-मीठ लावून. तीन दिवस आधी सकाळी आणायचं, दोन रात्री फ्रिजमध्ये. आदल्या दिवशी सकाळी रोस्ट शिजवून आणि चिली फ्रायचा तुकडा उकडून दोन्ही फ्रिजमध्ये गार करायला ठेवायचे, संध्याकाळी रोलाड बांधून शिजवून रसातच ठेवायचं, दुसऱ्या दिवशी नुसतं गरम करायचं आणि दोरा काढायला विसरायचं नाही. त्या दिवशी तुमच्या हातात फक्त कापणं आणि परतणं राहील. रोस्टची टोकं आणि चुरा उरेल तो टाकू नका, बारीक करून बटाट्याबरोबर क्रोकेटला जातो. वाढदिवसाआधी एकदा पाव किलो टॉपसाइडचं रोलाड घरच्यापुरतं करून बघा, आणि दुकानातून आणलेल्या तुकड्याचा फोटो काढून मला पाठवा, कुठला आहे ते सांगते.